सुई अडकली तिथेच

आमच्या फ्लॅटमध्ये एक नियम आहे. शुक्रवारी रात्री कोणता पिक्चर बघायचा, हे आलटून-पालटून ठरवायचं. रूमीची पाळी असली की हमखास काहीतरी गोडगोड. शेवटी एअरपोर्टवर धावणारा हीरो, हातात फुलं वगैरे. (रूमी म्हणजे माझी रूममेट. खरं नाव छापलं तर घराबाहेर काढेल, आणि डिपॉझिट तिच्या नावावर आहे.) माझी पाळी असली की ती उशी कवटाळून बसते आणि विचारते, "आज कोण मरणार?"

मागच्या महिन्यात माझी पाळी होती. मी लॅपटॉपवर लावला 'ब्रायटन रॉक'. साल १९४७.

"ब्लॅक अँड व्हाइट?" रूमीचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"गप बस. यात 'ज्युरासिक पार्क'चे आजोबा आहेत."

हे खोटं नव्हतं. १९९३ च्या 'ज्युरासिक पार्क'मधले ते पांढऱ्या दाढीचे, काठीवाले, डायनासोरची अंडी बघून हरखणारे आजोबा आठवतात? ते म्हणजे रिचर्ड अ‍ॅटनबरो. आणि शाळेत असताना २ ऑक्टोबरला टीव्हीवर जो 'गांधी' हमखास लागायचा, तोही यांचाच, १९८२ चा. आपल्या रोहिणी हट्टंगडींना कस्तुरबांसाठी बाफ्टा मिळालं, डॉ. लागू त्यात गोखले झाले होते, आणि कोल्हापूरच्या भानू अथैयांनी त्याच सिनेमाच्या कपड्यांसाठी ऑस्कर घेतलं. तर असा हा अहिंसेवर सव्वातीन तासांचा सिनेमा काढणारा माणूस ऐन तारुण्यात पडद्यावर कोण होता? पिंकी ब्राउन. वय वर्षं १७, खिशात वस्तरा, गुंडांच्या टोळीचा म्होरक्या.

रूमी उशीसकट सावरून बसली.

आधीच सांगते, पुढे सगळा सिनेमा सांगणार आहे. शेवटासकट. पाऊणशे वर्षांपेक्षा जुन्या पिक्चरच्या स्पॉयलरबद्दल तक्रार चालणार नाही.

मूळ कादंबरी ग्रॅहम ग्रीनची, १९३८ ची. ग्रीनबद्दल मला उगाचच आपुलकी आहे, कारण तो सिनेमाची परीक्षणं लिहून पोट भरायचा. त्याने शर्ली टेंपल या बालनटीच्या सिनेमावर असं काही खवचट लिहिलं की त्याच्यावर आणि मासिकावर बदनामीचा दावा लागला, आणि ते हरले. फ्रीलान्सर मंडळी, सांभाळून.

ब्रायटन म्हणजे लंडनहून तासाभराच्या अंतरावरचं समुद्रकाठचं गाव. सुट्टीला लोंढेच्या लोंढे यायचे, अजूनही येतात. आणि 'रॉक' म्हणजे दगड नव्हे बरं का. ती तिथली गुलाबी साखरेची कांडी, जिच्यात गावाचं नाव आरपार असतं. कुठेही मोडा, चावा, आत 'ब्रायटन' लिहिलेलंच. माणसाचा स्वभाव असाच आरपार असतो, बदलत नाही, असं कादंबरीतल्या एका बाईचं ठाम मत आहे. त्या बाईकडे येतेच.

गंमत म्हणजे सिनेमा सुरू होतो तो एका पाटीने. ब्रायटन हे छान, हसतंखेळतं गाव आहे, पण दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इथे अंधाऱ्या गल्ल्या आणि गुन्हेगारी होती, ती आता सुदैवाने उरलेली नाही, अशा अर्थाची. म्हणजे 'यातील सर्व पात्रे काल्पनिक आहेत'ची ब्रिटिश आवृत्ती! पाटी संपते आणि त्याच हसत्याखेळत्या गर्दीत चार जण एका माणसाच्या मागे लागतात.

तो माणूस आपल्यातलाच, पत्रकार. फ्रेड हेल. त्याच्या बातमीमुळे टोळीचा जुना नायक काइट मेलेला आहे. आणि त्या दिवशी हेलची ड्युटी काय, तर 'कॉली किबर' या नावाने गावभर कार्डं ठेवत फिरायचं. वाचकाने हातात पेपर घेऊन त्याला ओळखलं तर बक्षीस. ही स्कीम ग्रीनच्या डोक्यातून आलेली नाही हं. १९२७ मध्ये 'वेस्टमिन्स्टर गॅझेट' या पेपरने 'लॉबी लड' नावाचा माणूस असाच समुद्रकाठच्या गावांमधून फिरवला होता, उन्हाळ्यात खप वाढावा म्हणून. विचार करा, ज्याला जीव वाचवायला लपायचंय त्याचाच फोटो त्या दिवशी पेपरमध्ये छापून आलाय. संपादकांना काय त्याचं!

हेलला मारतात ते समुद्रात लांबवर गेलेल्या पॅलेस पिअर या धक्क्यावर, जत्रेतल्या भुताच्या गाडीत. आत लोक हौसेने किंचाळतायत, त्यामुळे एक खरी किंकाळी कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे रूमीने पहिल्यांदा माझा हात धरला.

आता मुद्द्याची गोष्ट. हेल त्या वेळी जिवंत होता असं भासवायला टोळीतला स्पायसर हेलची कार्डं ठेवत जातो. त्यातलं एक हॉटेलातल्या टेबलक्लॉथखाली. ते सापडतं रोझ नावाच्या वेट्रेसला. साधी, गरीब घरची, आयुष्यात कुणी विचारपूस न केलेली मुलगी. कार्ड ठेवणारा माणूस पेपरातल्या फोटोतला नव्हता, हे तिला आठवतंय. म्हणजे फाशीचा दोर तिच्या आठवणीत आहे. पिंकी तिला भेटतो, गोड बोलतो, फिरवतो. आणि शेवटी लग्न करतो. का? तर बायकोला नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही म्हणून. मनातून तिची त्याला किळस येते. तिलाच काय, त्याला सगळ्याचीच किळस येते. दारू नाही, बाई नाही, हसणं नाही. हातात दोरीचा तुकडा घेऊन बोटांत गुंतवत, सोडवत बसतो. अ‍ॅटनबरोचे डोळे इतके थंड आहेत की तो दोरीशी खेळतो तेव्हा आपलाच गळा चाचपून बघावासा वाटतो. त्याने ही भूमिका १९४३ मध्ये, १९ वर्षांचा असताना लंडनच्या गॅरिक थिएटरात नाटकातही केली होती. म्हणजे कॅमेऱ्यापुढे आला तेव्हा पिंकी अंगात मुरलेला होता.

पोलीस नाही, पण पिंकीच्या मागे लागते ती आयडा. हर्मायनी बॅडलीने काय रंगवलीय! बीअर पिणारी, मोठ्याने हसणारी, गाणारी, मरायच्या आधी हेलला तासभर भेटलेली. एकदा वास लागला की सोडत नाही. आपल्या सोसायटीत एक काकू असतातच ना, ज्यांना पार्किंगपासून प्रेमप्रकरणापर्यंत सगळ्याचा न्याय करायचा असतो? त्या. कांडीचं तत्त्वज्ञान हिचंच. आयडा शंभर टक्के बरोबर असते आणि तरीही डोक्यात जाते. रोझला ती कळकळीने सांगते की हा मुलगा खुनी आहे, तुलाही मारेल. रोझला ते माहीतच असतं. तिला फक्त ते महत्त्वाचं वाटत नसतं.

मारामारी, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरचे वस्तरे, जिन्यावरून ढकलला गेलेला स्पायसर, यावर तेव्हा लंडनच्या पेपरांत बराच गदारोळ झाला. 'डेली मिरर'च्या समीक्षकाने तर सिनेमाला सवंग आणि किळसवाणं ठरवलं. आज आपल्याला ते वस्तरे अगदी सौम्य वाटतात. वेबसिरीजच्या पहिल्या दहा मिनिटांत याहून जास्त रक्त सांडतं. मला विचाराल तर या सिनेमातला सगळ्यात हिंसक प्रसंग एका रेकॉर्डचा आहे.

लग्नानंतर दोघं पिअरवर आलेत. तिथे एक काचेचं खोकं आहे. आत जायचं, नाणं टाकायचं, बोलायचं आणि आपल्या आवाजाची तबकडी घेऊन बाहेर पडायचं. त्या काळची व्हॉइस नोट म्हणा ना! रोझ हट्ट धरते. तुझा आवाज माझ्याजवळ राहू दे, काहीतरी छान बोल. पिंकी आत जातो. काचेच्या बाहेर रोझ उभी. तिला ऐकू येत नाही, फक्त दिसतंय. आत तो माइकमध्ये बोलतोय. तुला माझ्या तोंडून काय ऐकायचंय, तर माझं तुझ्यावर प्रेम आहे, हे. पण नाहीये. मला तुझा तिरस्कार वाटतो. आणि पुढे शिव्या. बाहेर रोझ त्याच्याकडे बघून हसतेय. तिला वाटतंय, आपला नवरा आपल्यासाठी किती मन लावून बोलतोय.

काच, इकडे एक चेहरा, तिकडे एक चेहरा. बस्स. मी हा सीन चौथ्यांदा बघत होते, तरी पाणी प्यायला उठले.

रोझकडे रेकॉर्ड आहे, रेकॉर्ड लावायला ग्रामोफोन नाही. त्यामुळे ती तबकडी जपून ठेवते. मग पुढचं सगळं होतं. पिंकी तिला आत्महत्येला तयार करतो, आधी तू मग मी. तिच्या हातात पिस्तूल देतो. ऐनवेळी आयडा आणि पोलीस पोचतात, रोझ पिस्तूल समुद्रात फेकते, पिंकी पिअरवरून खाली पडून मरतो.

आता इथे कादंबरी आणि सिनेमाच्या वाटा वेगळ्या होतात. कादंबरीतल्या रेकॉर्डवर प्रेमाचा शब्दही नाही, नुसता शिव्याशाप. शेवटच्या पानावर रोझ ती ऐकायला घराकडे निघालीय, आणि पुस्तक तिथेच थांबतं. तिला काय ऐकायला मिळणार हे आपल्याला ठाऊक, तिला नाही. सिनेमात रोझ एका ननजवळ बसलीय. त्याचं माझ्यावर खरंच प्रेम होतं, माझ्याकडे पुरावा आहे, म्हणत ती रेकॉर्ड लावते. पिंकीचा आवाज सुरू होतो. तुला काय ऐकायचंय, तर माझं तुझ्यावर प्रेम आहे... आणि सुई अडकते. माझं तुझ्यावर प्रेम आहे. माझं तुझ्यावर प्रेम आहे. माझं तुझ्यावर प्रेम आहे. कॅमेरा रोझला सोडून भिंतीवरच्या क्रुसाकडे सरकतो. समाप्त.

यातली कारागिरी बघा. त्या काळच्या बहुतेक तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घ्यायच्या, म्हणजे एका फेरीला पाऊण सेकंद. ओरखडा पडला की सुई एक फेरा मागे उडी मारते आणि तेवढाच पाऊण सेकंद पुन्हा वाजतो. 'आय लव्ह यू' म्हणायला लागतो साधारण तेवढाच वेळ. पटकथा ग्रीन आणि नाटककार टेरेन्स रॅटिगन यांची, दिग्दर्शन जॉन बोल्टिंगचं. रेकॉर्डवरची वाक्यं त्यांनी अशी बेतली की एका ओरखड्याने तिरस्काराचं प्रेम व्हावं.

मास कॉमला असताना मी या शेवटावर एक पेपर लिहिला होता. ही तडजोड आहे, प्रेक्षकाला गोळी साखरेत घोळून दिलीय, कादंबरीचा कणा मोडलाय, असं बरंच काही ठोकून दिलं होतं. मार्क बरे मिळाले. तेव्हा मला अर्थातच सगळं कळत होतं.

सिनेमा संपला. मला वाटलं, रूमी म्हणेल, चला, शेवट तरी गोड. ती पडद्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "पण ती कधीतरी पुढचं ऐकणारच ना? सुई हाताने उचलून पुढे ठेवली की झालं."

माझ्या पोटात धस्स झालं. त्याचं कारण सांगायला आठ महिने मागे जावं लागेल.

आठ महिन्यांपूर्वी रूमीचं चार वर्षांचं नातं दोन मिनिटं दहा सेकंदांच्या व्हॉइस नोटमध्ये संपलं. तो बंगळूरला, ही पुण्यात. नोट आली तेव्हा तिला अंदाज होताच. तिने फोन माझ्या हातात दिला. "तू ऐक. आणि मला सांग." मी बाल्कनीत गेले, दार लावून घेतलं. काचेच्या पलीकडे ती सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेली मला दिसत होती. पहिली वीस सेकंदं ठीक होती. सॉरी, तू खूप चांगली आहेस, चूक माझी आहे वगैरे. मागे कुठेतरी ट्रेनची शिट्टी झाली. आणि मग तो सुरू झाला. पुढचं इथे लिहिणार नाही. इतकंच सांगते की माणसाच्या नेमक्या दुखऱ्या जागा त्यालाच माहीत असतात ज्याला आपण विश्वासाने त्या दाखवलेल्या असतात.

मी आत आले आणि म्हणाले, "सॉरी म्हणतोय. तू चांगली आहेस म्हणतोय. बाकी काही नाही गं. ऐकू नकोस, उगाच रडशील."

म्हणजे विसाव्या सेकंदावर ओरखडा मी मारला.

आणि मला अभिमान होता त्याचा! मैत्रीण म्हणून केवढं मोठं काम केलं, असं वाटायचं. रूमी सावरली, जेवायला लागली, ऑफिसला जायला लागली. फक्त एक व्हायचं. कुणी विषय काढला की ती म्हणायची, "तसा वाईट नाहीये तो. आम्ही चांगल्या पद्धतीने वेगळे झालो." त्याच्या वाढदिवसाला तिने त्याला मेसेज केला. उत्तर आलं नाही, तर दोन दिवस तीच म्हणत होती की बिझी असेल. एका चांगल्या स्थळाला नकार देताना आईला म्हणाली, "तो होता तसा कुणी भेटला तर बघू." मी शेजारी बसून चहा ढवळत होते.

ग्रीनने पुढे या शेवटाबद्दल बोलताना साधारण रूमीसारखंच म्हटलं होतं. ज्याला थोडी अक्कल आहे त्याला कळेल की पुढच्या खेपेस रोझ सुई ओरखड्यापलीकडे ढकलेल आणि सगळं ऐकेल. २०१० मध्ये 'ब्रायटन रॉक' पुन्हा निघाला. सॅम रायली, आयडाच्या भूमिकेत हेलन मिरेन, काळ १९६४ चा. आता ना १९४७ चे सेन्सॉर होते, ना प्रेक्षकांना जपायची गरज. तरी सुई अडकलीच. मला वाटतं, दिग्दर्शकांना कळलं असावं की ही साखर नाहीच. कादंबरीतली रोझ आज संध्याकाळी ऐकेल, कोसळेल, आणि कदाचित कधीतरी उठेल. सिनेमातली रोझ त्या पाऊण सेकंदातच संसार करत बसणार. त्यापेक्षा ते शिव्याशाप बरे. मास कॉमचा तो पेपर मला परत द्या, मी नवा लिहून देते.

तर, रूमी माझ्याकडे बघत होती. मला खोटं बोलताना कान खाजवायची सवय आहे आणि आम्ही तीन वर्षं एका घरात राहतोय.

"तो फक्त सॉरी म्हणाला होता ना?"

मी कानाला हात लावला नाही. "नाही," म्हटलं.

"किती वाईट आहे?"

"वाईट आहे."

मला वाटलं, ती त्याच्यावर चिडेल. ती माझ्यावर चिडली. आवाज अजिबात न चढवता. "ऐकायचं की नाही, ते मी ठरवायचं होतं ना? तू कोण गं?" उशी घेतली आणि खोलीत गेली. चार दिवस आम्ही फक्त दूध, गॅस आणि लाइटबिल एवढ्यावर बोललो. पाचव्या दिवशी तिने माझा डबा भरून ठेवला होता. नोट ऐकली का, डिलीट केली का, हे मी विचारलं नाही. फार धाडस होत नव्हतं.

हा लेख मी तिला विचारल्याशिवाय छापायला देणार नव्हते, तेवढी अक्कल आता आलीय. काल रात्री प्रिंट काढून तिच्या टेबलावर ठेवला. आज सकाळी तो फ्रिजवर चुंबकाखाली होता. एकच दुरुस्ती, लाल पेनने, समासात.

"ती ट्रेनची शिट्टी नाहीये. कुकरची आहे."